साखरेच्या रेणूतील एक बंध आणि उसाचा भाव

तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊस उत्पादकांना वेगळे सांगावे लागत नाही. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील पट्ट्यात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या चिमण्या पेटतात आणि वजनकाट्यापुढे बैलगाड्या, ट्रॅक्टर व मालमोटारींच्या रांगा लागतात. यंत्रात बिघाड झाला, तोडणीचे नियोजन चुकले किंवा मार्च-एप्रिलमध्ये उरलेला ऊस एकदम तुटून आला, की या रांगा लांबतात. उभ्या गाडीतला ऊस वाळतो आणि त्याचे वजन घटते. ही घट काट्यावर दिसते, त्यामुळे तिच्याविषयी तक्रारही होते. दुसरी घट मात्र काट्यावर दिसत नाही. ती उसाच्या कांड्यातील साखरेच्या रेणूमध्ये घडत असते. तिचे मूळ ज्याला रसायनशास्त्रात ‘रासायनिक बंध’ म्हणतात, त्यातील एका विशिष्ट बंधात आहे. हा बंध किती घट्ट आहे, तो कशाने तुटतो आणि तुटू नये म्हणून कारखान्यात काय केले जाते, याचा थेट संबंध शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या रकमेशी आहे.

शालेय पुस्तकांत रासायनिक बंध शिकवताना उदाहरणे बहुधा मिठाची किंवा पाण्याची घेतली जातात. ज्या जिल्ह्याच्या अर्थकारणाचा मोठा भाग साखरेवर उभा आहे, तेथे तरी साखरेचे उदाहरण घ्यायला हरकत नसावी.

कालव्याचे पाणी आणि कारखाने

भंडारदरा धरणाचे काम १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उसाचे क्षेत्र वाढू लागले. त्यापाठोपाठ श्रीरामपूर परिसरात हरिगाव येथे बेलापूर कंपनीचा आणि टिळकनगर येथे महाराष्ट्र शुगर मिल्सचा असे खासगी कारखाने उभे राहिले. ऊस पिकवणारा एक आणि साखर विकणारा दुसरा, ही त्या काळातील रचना होती. ती बदलली लोणीजवळच्या प्रवरानगरात. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भागभांडवल जमवले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी संस्थेची धुरा सांभाळली आणि १९५०-५१ च्या हंगामात राज्यातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. आशियातील पहिला सहकारी कारखाना असाही त्याचा उल्लेख केला जातो. पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, अकोले, पाथर्डी अशा तालुक्यांतून कारखाने निघाले.

या इतिहासाचा उल्लेख येथे एवढ्यासाठीच, की कारखाना सभासदांचा झाल्यापासून रसातील साखर वाया गेली तर ती सभासदांचीच वाया जाते. उसाचा किमान दर कारखान्याच्या साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनात किती टक्के साखर पोत्यात पडली, ते प्रमाण. केंद्र सरकारने २००९ मध्ये ‘रास्त व किफायतशीर दर’ म्हणजेच एफआरपीची पद्धत आणली, तेव्हा मूळ उतारा ९.५ टक्के धरला होता. तो २०१८-१९ पासून १० टक्के आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के करण्यात आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरला असून, त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ मिळते. उदाहरणादाखल, एखाद्या कारखान्याचा उतारा ११.५ वरून ११ टक्क्यांवर आला, तर टनामागे १७३ रुपये कमी होतात. एकरी ४० टन ऊस धरला, तर ही रक्कम एकरी ६,९२० रुपये होते. तोडणी व वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच वजा होत असल्याने ही घट शेतकऱ्याला अधिकच जाणवते.

यातील एक बाब अनेकदा लक्षात घेतली जात नाही. उतारा हा एका शेतकऱ्याच्या उसाचा नसून संपूर्ण कारखान्याच्या हंगामाची सरासरी असते. त्यामुळे एकाचा ऊस दोन दिवस गाडीत पडून राहिला, तर त्याचा फटका सर्वांना थोडा थोडा बसतो.

रेणू कसा बांधलेला असतो

साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ असे एकूण ४५ अणू असतात. त्यांना जोडणारे बंध आहेत ४६. हे सगळे ‘सहसंयुज’ बंध आहेत. मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो आणि विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाने दोघे एकत्र राहतात. साखरेत अशी देवघेव नाही. येथे शेजारचे दोन अणू इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवतात. भागीदारीच्या या तत्त्वाला सहकाराच्या जिल्ह्यात वेगळे स्पष्टीकरण नको.

इलेक्ट्रॉनांच्या जोडीने बंध बनतो, ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. अणूच्या चिन्हाभोवती ठिपके काढण्याची जी पद्धत आजही शाळेत शिकवतात, ती त्यांचीच. परंतु ऋण भाराचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटण्याऐवजी एकत्र राहून दोन अणूंना का जोडून ठेवतात, याचे उत्तर ठिपक्यांत नव्हते. ते पुंजयामिकीने दिले. वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये हायड्रोजनच्या रेणूचे गणित मांडले. त्यानंतर दोन विचारसरणी पुढे आल्या. लायनस पॉलिंग यांनी बंधाकडे दोन शेजारी अणूंमधील करार म्हणून पाहिले, तर फ्रिडरिश हुंड आणि रॉबर्ट मुलिकन यांनी इलेक्ट्रॉन हे अणूंचे न राहता संपूर्ण रेणूचे होतात, अशी भूमिका घेतली. पॉलिंग यांना १९५४ मध्ये, तर मुलिकन यांना १९६६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुलिकन यांच्या पद्धतीतील ‘रेणवीय कक्षक’ ही संकल्पना ऐकायला अवघड वाटते. तिचा गाभा मात्र विहिरीच्या पाण्यावर दोन दगड टाकून पाहण्याइतका साधा आहे. दोन तरंग जेथे उंचवट्यावर उंचवटा येऊन मिळतात तेथे पाणी अधिक उसळते, आणि जेथे उंचवट्यावर खळगा येतो तेथे ते शांत होते. इलेक्ट्रॉनही अणूभोवती तरंगासारखा पसरलेला असतो. या पसरलेल्या जागेला कक्षक म्हणतात. दोन अणू जवळ आले, की त्यांचे कक्षक दोन प्रकारे मिसळू शकतात. तरंग जुळले, तर दोन अणुकेंद्रांच्या मधल्या जागेत इलेक्ट्रॉन दाटतात, ऊर्जा कमी होते आणि बंध तयार होतो. हा ‘बंधकारी कक्षक’. तरंग उलट पडले, तर मधली जागा रिकामी होते आणि ऊर्जा वाढते. हा ‘बंधविरोधी कक्षक’. प्रत्येक कक्षकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात. हायड्रोजनच्या दोन अणूंचे मिळून दोनच इलेक्ट्रॉन असल्याने ते खालच्या बंधकारी कक्षकात बसतात आणि घट्ट रेणू बनतो. हेलियमच्या दोन अणूंचे इलेक्ट्रॉन चार होतात. उरलेल्या दोघांना वरच्या बंधविरोधी कक्षकात जावे लागते, कमावलेले सगळे गमावले जाते आणि बंध टिकत नाही.

साखरेच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे तो हा बंधविरोधी कक्षक. सर्वसाधारण बंधात तो रिकामा असतो. पण रिकामा असला तरी तो तेथे असतो, आणि कोणी त्यात इलेक्ट्रॉन ओतले तर बंध सैल होऊ लागतो.

ऑक्सिजनचा पूल

सुक्रोजचा रेणू म्हणजे दोन लहान शर्करांची जोडी होय. एका बाजूला ग्लुकोजचे सहा अणूंचे कडे, दुसऱ्या बाजूला फ्रुक्टोजचे पाच अणूंचे कडे आणि मध्ये ऑक्सिजनच्या एका अणूचा पूल. पुलाचे एक टोक ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवर आणि दुसरे फ्रुक्टोजच्या दुसऱ्या कार्बनवर टेकलेले असते. याला ‘ग्लायकोसिडिक बंध’ म्हणतात. रेणूतील इतर ४४ बंध शाबूत राहिले आणि या पुलाचे एक टोक जरी सुटले, तरी साखर ही साखर राहत नाही.

वास्तविक हा पूल कमकुवत नाही. शुद्ध, उदासीन पाण्यात साधारण तापमानाला साखर विरघळवून ठेवली आणि तिला ना आम्ल लागले ना जंतू, तर निम्मे रेणू तुटायला सुमारे ४४० वर्षे लागतील, असे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. प्रश्न असा, की ४४० वर्षांचे हे आयुष्य उसाच्या गाडीत काही दिवसांवर कसे येते?

याचे उत्तर पुलाच्या ठेवणीत आहे. पूल ज्या कार्बनवर टेकतो, त्याच कार्बनला कड्यातील दुसरा ऑक्सिजनही जोडलेला असतो. ऑक्सिजनच्या अणूवर बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या असतात. त्यांना ‘एकाकी जोड्या’ म्हणतात. कड्यातील ऑक्सिजनच्या अशा एका जोडीचा कक्षक आणि पुलाच्या बंधाचा रिकामा बंधविरोधी कक्षक हे एकमेकांसमोर येतात. त्यामुळे ही जोडी थोडीशी तिकडे झुकते. शांत स्थितीत हे झुकणे किरकोळ असते आणि एकंदर रेणूला ते मानवते. पण आम्लातील हायड्रोजनचा धन आयन पुलावरील ऑक्सिजनच्या एकाकी जोडीवर येऊन बसला, की चित्र पालटते. धन भार आलेला हा ऑक्सिजन बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, बंधविरोधी कक्षकाची ऊर्जा खाली येते आणि कड्यातील ऑक्सिजनची जोडी त्यात सहज उतरते. पूल सुटतो. सुटलेल्या कार्बनवर आलेला धन भार कड्यातील ऑक्सिजनच सांभाळून घेतो आणि क्षणार्धात पाण्याचा रेणू येऊन ती जागा भरतो. जो शेजारी एरवी आधार देत होता, तोच बंध सुटण्याची वाट सोपी करून देतो.

आम्लात सुटणारे टोक बहुतांशी फ्रुक्टोजकडचे असते. उसात आणि यीस्टमध्ये आढळणारे ‘इन्व्हर्टेज’ हे विकरही तेच टोक तोडते. बंध तुटला म्हणजे ऊर्जा बाहेर पडली, असे आपण सहज म्हणतो. ते बरोबर नाही. कोणताही बंध तोडायला ऊर्जा लागतेच. पाणी जोडले जाऊन जे नवे बंध तयार होतात त्यांतून ती परत मिळते, आणि सुक्रोजच्या बाबतीत हिशेबाअंती ग्रॅम-रेणूमागे सुमारे २९ किलोज्यूल ऊर्जा शिल्लक उरते. रासायनिक बंधांच्या मानाने ही शिलकी थोडी असली, तरी जंतूंना तिचा उपयोग करता येतो. त्याकडे पुढे वळू.

रेणूच्या कोणत्या भागात इलेक्ट्रॉन दाटलेले आहेत, म्हणजेच बाहेरून आलेला धन आयन नेमका कोठे बसेल, याचे नकाशे आज संगणकावर काढता येतात. अशा ‘विद्युत विभवाच्या’ नकाशांच्या अभ्यासात पुणे विद्यापीठातील डॉ. श्रीधर गद्रे यांचे काम जगभरात ओळखले जाते. एकाकी जोड्या कोठे आहेत, हे या नकाशांत दऱ्यांच्या रूपाने दिसते.

उलटलेली साखर

पूल तुटल्यावर ३४२ किलो सुक्रोज १८ किलो पाणी घेऊन ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोजचे मिश्रण देते. म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढते! तरीही कारखान्याच्या दृष्टीने हा तोटाच आहे, कारण या मिश्रणाचे स्फटिक सहजी होत नाहीत. ते पोत्यात न जाता मळीत जाते.

नुसत्या ब्रिक्सवर विसंबता येत नाही, ते याचमुळे. ब्रिक्सचे मापन रसातील सर्व विरघळलेल्या घटकांना एकत्र मोजते. ऊस वाळून त्यातले पाणी कमी झाले, की ब्रिक्स उलट वाढलेला दिसतो. खरी साखर किती हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ध्रुवणमापी लागतो. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाची प्रतल उजवीकडे वळवते. तिचे विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश आहे. ग्लुकोजचे अधिक ५२.७ आणि फ्रुक्टोजचे उणे ९२ अंशांच्या आसपास असल्याने दोघांच्या समान मिश्रणाचे वलन सुमारे उणे २० अंश येते. उजवीकडे वळणारा प्रकाश डावीकडे वळू लागतो, म्हणून या क्रियेला ‘इन्व्हर्जन’ अर्थात उलटणे असे नाव पडले. कारखान्यातील ‘पोल’चा आकडा ब्रिक्सच्या तुलनेत घसरू लागला, की शिळा ऊस येत असल्याचे रसायनज्ञांच्या लगेच ध्यानात येते.

या एका बंधाच्या तुटण्याने रसायनशास्त्राला किती दिले, हेही नोंदवण्यासारखे आहे. कोणतीही रासायनिक क्रिया किती वेगाने होते, याचे पहिले काटेकोर गणित जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये मांडले. त्यांनी आम्लात उलटणारी साखरच ध्रुवणमापीखाली धरली होती. तापमान वाढले की क्रियेचा वेग का वाढतो, हे स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये सांगितले, तेही उसाच्या साखरेच्या आधारे. १९१३ मध्ये लिओनोर मिखाएलिस आणि मॉड मेंटन यांनी विकरांच्या वेगाचे समीकरण मांडले. आज जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते शिकावे लागते. त्यांनी अभ्यासलेली क्रिया होती इन्व्हर्टेजने साखरेचा पूल तोडण्याचीच.

घरातही हा प्रयोग नित्य होत असतो. गुलाबजामच्या पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून त्यात लिंबाचे चार थेंब पिळतात. लिंबातील आम्ल आणि उष्णता यांमुळे थोडी साखर उलटते व उरलेल्या साखरेला स्फटिक धरू देत नाही. स्वयंपाकघरात जे हवे असते, ते कारखान्यात नको असते, एवढाच फरक. गुऱ्हाळातही ते नकोच असते. काहिलीत चुना टाकण्यामागे रसाचा आंबटपणा मारणे हा एक हेतू असतो, आणि उलटलेली साखर जास्त झालेला गूळ पावसाळ्यात पाझरू लागतो.

गाडीत काय घडते

उभ्या उसात साखर भरली जाते ती थंडीत. रात्रीचे तापमान उतरले, की वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठू लागते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील उतारा कमी, तर जानेवारीनंतरचा चांगला असतो. कोयत्याचा घाव बसला, की ही साठवण थांबते. कांडे मात्र जिवंतच असते. त्याचे श्वसन सुरू राहते, पाणी उडू लागते आणि पेशींतील इन्व्हर्टेज साठवलेल्या साखरेचा पूल तोडू लागते. ऊन जितके अधिक, तितका हा वेग अधिक. मार्च-एप्रिलच्या चाळिशीला टेकलेल्या उन्हात पडून राहिलेला ऊस आणि डिसेंबरच्या गारव्यात पडून राहिलेला ऊस यांचे नुकसान सारखे नसते, ते यामुळे. पाचट झाकून वा पाणी शिंपडून ऊस थंड ठेवण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे.

दुसरा शत्रू बाहेरून येतो. तोडलेल्या टोकांतून ‘ल्युकोनोस्टॉक’ वर्गातील जंतू आत शिरतात. त्यांचे विकर पुलाचे दुसरे, म्हणजे ग्लुकोजकडचे टोक सोडवते. आणि वर उल्लेखिलेली शिलकी ऊर्जा वाया न घालवता त्याच ऊर्जेवर ग्लुकोजचे एकेक रेणू जोडून लांबच लांब साखळ्या विणते. हे ‘डेक्स्ट्रन’. बुळबुळीत डेक्स्ट्रनमुळे रस दाट होतो, गाळायला वेळ लागतो आणि साखरेचे दाणे सुईसारखे लांबट येतात. शिवाय डेक्स्ट्रनही प्रकाश उजवीकडे वळवत असल्याने पोलचा आकडा फुगतो आणि प्रयोगशाळेची फसगत होऊ शकते. जळीत उसाच्या दरात कपात होते, त्याबद्दल शेतकऱ्यांत नाराजी असते. तोडणी मजूर मिळत नाहीत म्हणून नाइलाजाने पाचट पेटवणाऱ्याची अडचण खरीच आहे. पण आगीने सालीवरील मेणाचा थर वितळतो, कांडी तडकतात, रस बाहेर येतो आणि जंतूंना दार उघडे मिळते, ही बाजूही तितकीच खरी आहे.

चुना आणि गंधक

गव्हाणीतून निघालेल्या ताज्या रसाचा पीएच साधारण पाच ते साडेपाच असतो, म्हणजे तो मुळातच आंबट. पीएच एका अंकाने उतरला, की हायड्रोजन आयन दहापट होतात आणि पूल तुटण्याचा वेगही त्याच पटीत वाढतो. असा रस उकळायचा म्हणजे साखर उलटण्याला आमंत्रणच. त्यासाठी रसात कालवलेला चुना मिसळून तो उदासीन, सातच्या आसपास आणला जातो. फार चुना झाला, तर ग्लुकोज-फ्रुक्टोजचेच विघटन होऊन रस काळवंडतो. त्यामुळे हे काम जपून करावे लागते.

आपल्याकडील बहुतेक कारखाने चुन्याच्या जोडीला गंधक जाळून मिळणारा सल्फर डायऑक्साइड वायू वापरतात. साखर पांढरी होते ती याच्यामुळे. रसातील रंगद्रव्यांत एकाआड एक द्विबंधांची साखळी असते. अशा साखळीत रेणवीय कक्षक सर्व अणूंवर पसरतात, भरलेल्या आणि रिकाम्या कक्षकांतील ऊर्जेचे अंतर कमी होते आणि दृश्य प्रकाश शोषला जातो; म्हणून पदार्थाला रंग येतो. सल्फर डायऑक्साइडपासून बनलेला आयन यातील एखाद्या द्विबंधावर जोडला गेला, की साखळी खंडित होते आणि रंग फिका पडतो. मात्र हा वायू स्वतः आम्लधर्मी असल्याने चुन्याचा आणि त्याचा तोल साधावा लागतो. रंग घालवण्याच्या नादात पीएच घसरला, तर साखर जाते.

पुढचा धोका उष्णतेचा. रसातील पाणी उडवण्यासाठी उकळणे अटळ आहे. एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने १८१३ च्या सुमारास त्यावर तोड काढली, ती म्हणजे निर्वात पात्र. हवेचा दाब कमी केला, की पाक ७० अंशांच्या आसपासच उकळतो. कारखान्यातला ‘पॅन’ तो हाच. त्यात दाणा धरू लागतो तेव्हा सुक्रोजच्या रेणूंवरील हायड्रॉक्सिल गट एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जखडले जातात. हे बंध सहसंयुज बंधांच्या मानाने बरेच दुबळे असतात, पण संख्येने पुष्कळ असल्याने दाणा टणक होतो. तोच दाणा चहात टाकला, की पाण्याचे रेणू तसलेच बंध देऊ करतात आणि तो विरघळतो. विरघळताना पूल मात्र तुटत नाही.

इथेनॉलचा हिशेब वेगळा

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. त्यामुळे कारखान्यांच्या ताळेबंदात आसवनीचे वजन वाढले आहे. रसायनाच्या दृष्टीने येथे एक गंमत आहे. साखरेचे मद्यार्क करताना यीस्ट सर्वांत आधी आपल्या इन्व्हर्टेजने तो पूलच तोडते. म्हणजे साखर कारखान्यात जो तुटलेला रेणू तोटा ठरतो, तो आसवनीत कच्चा माल ठरतो. सिद्धांततः ३४२ किलो सुक्रोजपासून १८४ किलो इथेनॉल मिळते. प्रत्यक्षात त्याहून कमी.

मात्र म्हणून शिळ्या उसाची चिंता सोडावी, असे नाही. शेतकऱ्याचा दर आजही साखर उताऱ्यावरच ठरतो आणि बी हेवी मळी किंवा थेट रस इथेनॉलकडे वळवला, तर तिकडे गेलेल्या साखरेचा हिशेब उताऱ्यात धरावा लागतो. धोरणही स्थिर राहिलेले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली आणि २०२४-२५ च्या पुरवठा वर्षासाठी ती उठवली. शिवाय डेक्स्ट्रनच्या साखळीत अडकलेले ग्लुकोज नेहमीच्या यीस्टला पचवता येत नाही, त्यामुळे ते साखरेलाही मुकते आणि इथेनॉललाही.

बंध टिकवण्याचे काम बियाण्यापासूनच सुरू होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे उसावरील काम प्रामुख्याने सातारा जिल्ह्यातील पाडेगावच्या संशोधन केंद्रात चालते. को ८६०३२, फुले २६५ यांसारख्या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत ती त्यातूनच. वाण निवडताना शेतकरी बहुधा टनेज पाहतो, कारखाना उतारा पाहतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांची पक्वता पाहून तोडणीचा क्रम लावणे, हा दोघांच्या मधला मार्ग आहे. तो पाळला जातो की ओळखीपाळखीवर तोड मिळते, हे गावोगाव वेगळे असते.

मजुरांच्या टंचाईमुळे आता यंत्राने तोडणी वाढत आहे. हार्वेस्टर संपूर्ण मोळी न देता उसाचे वीतभर लांबीचे तुकडे करून ट्रॉलीत टाकतो. वाढे आणि मुळाकडचा भाग सोडला, तर पूर्वी एका उसाला दोनच टोके उघडी असत. आता प्रत्येक तुकड्याला दोन. ल्युकोनोस्टॉकला तितकीच जास्त दारे उघडी मिळतात, आणि अशा उसाला गव्हाणीपर्यंत पोहोचण्यास जुन्या २४ तासांपेक्षा पुष्कळ कमी अवधी असतो.